पूर्तधर्माचा लोहमार्ग : सर आदमजी पीरभॉय

माघ शुद्ध चतुर्थी जवळ आली की खालापूर तालुक्यातील महड क्षेत्री भाविकांची रीघ लागते. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे हे स्थान. सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी १७२५ साली येथे देवालय उभारले आणि येथील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत आहे, असे परंपरा सांगते. वर देणारा तो वरद. गणेशजन्माच्या या पर्वावर त्या देण्याचा महिमा गावा, हा आम्हां कीर्तनकारांचा परिपाठ आहे आणि त्यास अनुसरूनच आजचे निरूपण आरंभितो.

महडच्या माहात्म्यात गृत्समद ऋषींची कथा येते. मगधराजाच्या घरी श्राद्धाचा प्रसंग होता. थोर थोर ऋषी पंक्तीस जमले होते. त्या सभेत गृत्समदाच्या विद्येविषयी कोणासही शंका नव्हती. शंका घेतली गेली ती त्याच्या जन्माविषयी. भरसभेत त्याचा अधिमान झाला आणि तो मान खाली घालून बाहेर पडला. पुढे त्याने भद्रक वनात घोर तप आरंभिले. विनायक प्रसन्न झाला. ज्यास पंक्तीतून उठविले गेले, त्यास देवाने ऋषित्व दिले. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाचा हा द्रष्टा होय. आज घरोघरी गणेशपूजेत ज्या मंत्राने गणपतीचे आवाहन होते, तो मंत्र त्याच्याच नावे आहे. ते भद्रक वन म्हणजेच आजचे महड, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

कथेचे तात्पर्य उघड आहे. सभेने कूळ पाहिले आणि देवाने कर्म पाहिले. हा झाला पूर्वरंग. उत्तररंगात एखाद्या संताचे अथवा राजाचे आख्यान लावावे, असा प्रघात. आज मात्र मी एका मुसलमान व्यापाऱ्याचे चरित्र सांगणार आहे. देवघरासमोर बसून हे पान वाचणाऱ्या सुज्ञ वाचकांस हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. त्यांनी अंमळ धीर धरावा, एवढीच विनंती.

पूर्तधर्म म्हणजे काय?

आपल्या धर्मशास्त्रात इष्ट आणि पूर्त असे पुण्यकर्माचे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयाग, अग्निहोत्र, वेदाध्ययन हे इष्ट. विहिरी, तळी, धर्मशाळा, देवालये, उद्याने, अन्नछत्रे ही लोकोपयोगी कामे म्हणजे पूर्त. इष्टकर्मास अधिकारभेद आहे, पूर्तकर्मास तो नाही. तहानलेल्याने विहिरीचे पाणी प्यावे, ती कोणी खोदली हे त्याने विचारू नये. परंतु तृप्त झाल्यावर ते जाणून घ्यावे आणि त्याचे स्मरण ठेवावे, ही आपल्या पूर्वजांची रीत. गावोगावच्या बारवांवर आणि घाटांवर करवित्याच्या नावाचे शिलालेख आढळतात, त्यामागे हीच भावना आहे.

महडपासून उत्तरेस नजर टाकली की डोंगररांगांत माथेरानचा पठारी माथा आहे. त्या माथ्यावर नेरळहून एक चिमुकली आगगाडी वळणे घेत चढते. ज्यांच्या संपत्तीतून आणि ज्यांच्या पुत्राच्या ध्यासातून हा लोहमार्ग उभा राहिला, ते सर आदमजी पीरभॉय आजच्या आख्यानाचे नायक होत.

धोराजीहून मुंबईस

आदमजींचा जन्म १८४५-४६ च्या सुमारास काठेवाडात, गोंडल संस्थानातील धोराजी गावी, दाऊदी बोहरा समाजात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. लहान वयातच ते मुंबईस आले आणि प्रारंभी रस्त्यावर आगपेट्या विकत होते, असे सांगतात. त्या काळच्या मुंबईत अशी मुले पुष्कळ येत. कापसाच्या तेजीने शहर फुगत होते, गिरण्यांची धुराडी उठत होती, गोद्यांत जहाजे लागत होती. त्या लाटेवर कित्येक वर आले आणि कित्येक बुडाले. आदमजी वर आले ते चिकाटीने आणि दिलेल्या शब्दास जागून.

सरकारी लष्कराला तंबू, जोडे आणि चामड्याचे साहित्य पुरविण्याच्या मक्त्यातून त्यांचा उत्कर्ष झाला. धारावी येथे त्यांनी कातडी कमावण्याचा मोठा कारखाना काढला. कापडाच्या व्यवसायातही त्यांनी भांडवल घातले. चामड्याचा व्यापार म्हणताच काहींच्या कपाळास आठ्या पडतील. त्यांनी कीर्तनातील मृदंगाकडे एकवार पाहावे. त्याची दोन्ही मुखे चामड्याने मढविलेली असतात आणि त्याच्या नादावाचून देवापुढचा रंग चढत नाही. ते चामडे कमावणारे हात कोणाचे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

संपत्ती आली तशी दानबुद्धीही जागी राहिली. मुंबईत चर्नी रोडजवळ त्यांच्या नावाचे आरोग्यभवन उभे राहिले. दुखण्यातून उठलेल्या माणसास मोकळी हवा आणि निवारा मिळावा, हा अशा स्थानाचा हेतू. दाटीवाटीच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला या दोन गोष्टी किती दुर्मीळ होत्या, हे त्या काळची मुंबई आठवल्यास कळेल. १८९६ मध्ये त्या शहरात प्लेगची साथ उद्भवली, घरेदारे ओस पडली आणि माणसे गावाकडे पळू लागली. त्याच आपत्तीच्या काळात, १८९७ साली, आदमजी मुंबईचे शेरीफ झाले. आगपेट्या विकणारा पोर नगराच्या मानाच्या आसनावर बसला.

डोंगर आणि पाऊलवाट

आता थोडे माथेरानकडे वळू. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांचा मुक्काम चौक येथे होता. हे चौक गाव आजच्या खालापूर तालुक्यातले. तेथून ते डोंगर चढून गेले, वरची दाट झाडी आणि शीतल हवा पाहून मोहित झाले आणि माथेरान थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपास आले. डोंगर त्यापूर्वीही निर्मनुष्य नव्हता. ठाकूर, कातकरी, धनगर ही लेकरे त्याच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या वावरत होती. पिसारनाथ महादेव हे माथेरानचे ग्रामदैवत.

१८५६ साली कल्याणहून पळसदरी-खोपोलीच्या बाजूस आगगाडी आली आणि नेरळ हे माथेरानच्या पायथ्याचे स्थानक ठरले. मुंबईहून नेरळपर्यंतचा प्रवास काही तासांवर आला, परंतु पुढची चढण तशीच राहिली. धनिक घोड्यावरून किंवा पालखीतून जात. बाकीच्यांनी पायी चढावे. वृद्ध, रुग्ण, बाळंतिणी यांना डोंगरावरची आरोग्यदायी हवा केवळ ऐकून ठाऊक. ज्यांना त्या हवेची खरी गरज, त्यांनाच ती दुर्लभ, असा विपरीत प्रकार होता.

पुत्राचा ध्यास, पित्याचा आधार

आदमजींचे पुत्र अब्दुल हुसेन यांचे माथेरानला वारंवार जाणे असे. या डोंगरावर आगगाडी न्यायची, असा ध्यास त्यांनी घेतला. १९०० साली आराखडे झाले आणि १९०४ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे या कामी सल्लागार अभियंता होते. पंढरपूरच्या वारकऱ्यांना बार्शीची ती छोटी गाडी परिचयाची होती. विठ्ठलाच्या वाटेवर ज्या अभियंत्याची विद्या उपयोगी पडली, तीच विद्या माथेरानच्या घाटातही कामास आली.

हा मार्ग केवळ दोन फूट रुंदीचा आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर. तीव्र चढाच्या ठिकाणी वीस फूट पुढे जाताना गाडीला एक फूट वर चढावे लागते. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान अशी त्यावरील स्थानके. डोंगर पोखरून सरळ जाण्याऐवजी त्याच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत जाण्याची युक्ती येथे योजिली. म्हणून साऱ्या मार्गावर बोगदा एकच, तोही क्षणात संपणारा. वळणे मात्र इतकी तीव्र की साधे इंजिन तेथे वळेना. त्यासाठी ओरेन्स्टीन आणि कोपेल या जर्मन कारखान्यातून खास रचनेची चार इंजिने आणविली. त्यांच्या आसांना वळणावर थोडे सरकण्याची मुभा होती. ती इंजिने विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. आजच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांनी त्यांचा धूर पाहिला असेल.

या साऱ्या कामास सोळा लक्ष रुपये लागले आणि तो भार पित्याने उचलला. येथे सत्यास धरून बोलले पाहिजे. हा निव्वळ दानधर्म नव्हता. गाडीचे भाडे होते, कंपनीचा हिशेब होता, उत्पन्नाची अपेक्षाही असणारच. परंतु व्यवहार जाणणाऱ्या माणसाने क्षणभर विचार करावा. घाटातली ही गाडी पावसाळ्यात बंद राहणार. म्हणजे वर्षातील चार महिने मिळकत नाही. वर गावही लहानसे. त्या काळी मुंबईत गिरणीत, जमिनीत, कापसाच्या सट्ट्यात पैसा घालण्याच्या याहून सोप्या वाटा होत्या. त्या सोडून ज्याने पुत्राच्या ध्यासासाठी डोंगराच्या कड्यावर सोळा लक्ष पसरले, त्याच्या मनात नफ्यापलीकडचे काही होते, असे मानण्यास जागा आहे. व्यापाऱ्याच्या हातून घडलेले पूर्तकर्म असेच असते. त्यात हिशेब असतो आणि हिशेबाच्या बाहेरचेही काही असते.

१९०७ चे वर्ष

१९०७ साली गाडी सुरू झाली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने आदमजींना सर हा किताब दिला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराची येथे अखिल भारतीय मुस्लिम लीगचे पहिले वार्षिक अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षस्थान आदमजींनी भूषविले.

ही तिसरी गोष्ट मी गाळू शकलो असतो. चरित्र गोड करण्यासाठी तसे करण्याचा मोह होतो. परंतु व्यासपीठावर उभे राहून अर्धे चरित्र सांगणे हे श्रोत्यांशी आणि चरित्रनायकाशी, दोघांशीही अप्रामाणिकपणाचे होय. लीगचे नाव ऐकताच आपल्या मनात १९४७ च्या फाळणीच्या जखमा उघड्या होतात. हे स्वाभाविक आहे. मात्र कालक्रम ध्यानी घ्यावा. लीगची स्थापना डिसेंबर १९०६ मध्ये ढाक्यास झाली. वेगळ्या राष्ट्राची मागणी करणारा लाहोरचा ठराव १९४० चा. आदमजी १९१३ मध्येच निवर्तले होते. त्या ठरावाचे ओझे सत्तावीस वर्षे आधी गेलेल्या माणसाच्या शिरावर ठेवणे न्यायाचे नाही.

तसेच, इंग्रजांच्या लष्कराचा मक्तेदार आणि इंग्रजांचा किताबधारी म्हणूनही त्यांच्याकडे बोट दाखविता येईल. ते खरेच आहे. परंतु त्या काळी मुंबईतल्या किती धनिकांनी, हिंदूंनी आणि पारशांनीही, असेच मक्ते घेतले आणि असेच किताब मिरविले! त्यांची नावे रुग्णालयांवर, विद्यालयांवर आपण आदराने वाचतो. एकाच तराजूत सर्वांना तोलावयाचे असेल, तर आदमजींसाठी वेगळे वजन वापरता येणार नाही.

राजमान्यता आणि लोकमान्यता

आदमजी गेले. पुढे देश स्वतंत्र झाला आणि हा लोहमार्ग मध्य रेल्वेच्या कारभारात राष्ट्राची मालमत्ता म्हणून नांदू लागला. २६ जुलै २००५ च्या महापुरात त्याची दुर्दशा झाली. शताब्दीच्या वर्षी, मार्च २००७ मध्ये तो पुन्हा सुरू केला गेला. डबे घसरल्यामुळे मे २०१६ मध्ये गाडी थांबली, ती कालांतराने पुन्हा चालू झाली. २०१९ च्या पावसाने रूळांखालची जमीन नेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी पुन्हा डोंगर चढली. भाड्याच्या उत्पन्नाकडे पाहून कोणी हा खटाटोप केला नसता. ज्या अर्थी शासनाने हा मार्ग पुनःपुन्हा बांधून काढला, त्या अर्थी तो राष्ट्राचा वारसा आहे हे शासनाने कृतीने मान्य केले आहे.

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत भारतातील तीन पर्वतीय रेल्वेमार्ग आहेत. दार्जिलिंगची नोंद १९९९ ची, निलगिरीची २००५ ची, कालका-सिमल्याची २००८ ची. माथेरानचे नाव प्रस्तावित यादीत गेले. त्या तिघांच्या पंक्तीस ते बसावे, ही या भागातील जनांची इच्छा आहे. ती योग्यच आहे. परंतु अशा याद्यांत रूळांची रुंदी लिहिली जाते, वळणांचे अंश मोजले जातात, इंजिनांची घडण वर्णिली जाते. वारसा लोखंडाचा मानला जातो. ते लोखंड तेथे नेण्याचा संकल्प ज्यांनी केला, त्यांचे नाव आणि त्यांचा समाज आपल्या स्मरणात राहतो की नाही, हे कोणत्याही यादीवर अवलंबून नाही. राजमान्यता मोहोर उठविते. लोकमान्यता घरातल्या बोलण्यात असते.

आणि येथेच आपला प्रश्न येतो. शासनाने मुसलमानांच्या वारशाचा आणि राष्ट्रकार्यातील त्यांच्या वाट्याचा गौरव करावा, असे म्हटले की आपल्यापैकी काहींना ते अनुग्रहासारखे वाटते, जणू कोणास काही जादा दिले जात आहे. वस्तुतः तो केवळ जमाखर्चाचा प्रामाणिकपणा आहे. ज्याच्याकडून आले, त्याच्या नावे जमा धरणे, याला कोणी उपकार म्हणत नाही. जमेची बाजू पुसून टाकणाऱ्या कारकुनास मात्र आपण नाव ठेवतो.

चौथे ऋण

देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे मुलांनाही मुखोद्गत असतात. शतपथ ब्राह्मणात चौथेही एक सांगितले आहे, ते मनुष्यऋण. मनुष्य जन्मतःच इतर मनुष्यांचा ऋणको असतो. त्यात हा आपला, तो परका, असा भेद श्रुतीने केलेला नाही. आणि शास्त्रात अनेक पातकांना प्रायश्चित्ते सांगितली असली, तरी कृतघ्नास ते नाही, असा सर्व आचार्यांचा अभिप्राय आहे. केलेले विसरणे हे पातक धुऊन निघत नाही.

माथेरानच्या याच लोहमार्गाच्या काठी, पेब किल्ल्याच्या बाजूस, एका प्रचंड कड्याला गणेशाचे रूप दिलेले आहे. एका रेल्वे मोटरमनला गाडी चालविता चालविता त्या शिळेत गजाननाचा आकार दिसला आणि त्यातून हे स्थान उभे राहिले. कड्यावरचा गणपती म्हणून ते आता प्रसिद्ध आहे. गाडी त्या वळणावर आली की डब्यातली माणसे नकळत हात जोडतात. विचार करावा, ते दर्शन घडविणारा मार्ग कोणी घातला? बोहरा पितापुत्रांनी घातलेल्या रूळांवरून गेल्यावाचून त्या मोटरमनला तो आकार दिसला नसता आणि आपले हातही जोडले गेले नसते. आदमजींना त्या कड्यातला गणेश ठाऊक नव्हता. विहीर खोदणाऱ्यास तरी तेथे कोण पाणी पिणार हे कुठे ठाऊक असते?

दस्तुरी नाक्यापुढे माथेरानात मोटारींना मज्जाव आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. वरची झाडी टिकली, हवा निर्मळ राहिली, त्यात या इवल्या गाडीचाही वाटा आहे. कारण वृद्धांना आणि लेकुरवाळ्यांना वर नेण्याची सोय तिने आधीच करून ठेवली होती. चर्नी रोडच्या आरोग्यभवनात आदमजींनी दुखणाइतास जी मोकळी हवा देऊ केली, तीच हवा त्यांच्या पुत्राच्या गाडीने सर्वांस खुली केली.

माघी चतुर्थीस महडला जाणाऱ्या कित्येक मंडळींचा मागाहून नेरळ-माथेरानचाही बेत असतो. वरदविनायकापुढे उभे राहून आपण काही मागतो. मागावेच, तो वरद आहे. परंतु गृत्समदाच्या त्या वनात उभे आहोत, याचेही भान असावे. ज्या सभेने त्याला पंक्तीतून उठविले, तीत मोठे मोठे विद्वान होते आणि तरीही ती सभा चुकली. त्या सभेचे वारस व्हावयाचे की त्या देवाचे भक्त, हे आपल्या हाती आहे. परतताना नेरळच्या गाडीत मुलांनी ही आगगाडी कोणी बांधली असे विचारले, तर त्यांना आदमजी पीरभॉय आणि अब्दुल हुसेन ही दोन नावे सांगावीत. एवढ्यानेही एका जुन्या ऋणाचा एक हप्ता फिटेल.